एवढं ऊन असून कर्जबाजारी देशांत सोलर का लागत नाही? झांबियात काम करताना जे दिसलं ते

प्रश्न थोडक्यात असा होता: झांबिया, मलावीसारख्या देशांत वर्षभर ऊन, तरी २०२४ मध्ये झांबियात दिवसाला वीस-वीस तास लाइट नव्हती, वर कर्जाचा डोंगर, मग कर्ज माफ करून त्याच पैशात सरळ सोलर का लावत नाहीत, यात कंपन्यांचं किंवा पुढाऱ्यांचं काही कारस्थान आहे का, आणि आपल्याकडच्या माणसाला तिथे सोलरच्या धंद्यात स्कोप आहे का.

मी मूळचा सांगलीकडचा, सोलर प्रोजेक्ट उभारणीच्या कामात आहे, बराच काळ झांबियात आणि थोडा मलावीत गेलाय. अर्थशास्त्रज्ञ वगैरे नाही, पण साइटवरचा माणूस असलो तरी बँकेचे कागद आणि थकलेली बिलं भरपूर बघितलीयेत, त्यावरून सांगतो. उत्तर लांब होणारे, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट सरळ करून घेऊ. झांबिया हा रिन्यूएबल न वापरणारा देश नाहीच. तिथली ८० टक्क्यांहून जास्त वीज पाण्यावर होते, युरोपातल्या बऱ्याच देशांना हेवा वाटेल असा आकडा आहे हा. मुख्य आधार म्हणजे झांबेझी नदीवरचं करिबा धरण, अर्धं झांबियाचं अर्धं झिम्बाब्वेचं, १९५९ ला बांधून झालेलं. झांबियाच्या काठावर १८० मेगावॅटची सहा युनिट आहेत, म्हणजे १०८० मेगावॅट. २०२३-२४ ला एल निनोमुळे पाऊस गेला, २९ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्राध्यक्ष हिचिलेमांनी दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली आणि सप्टेंबर येईतो त्या सहापैकी जेमतेम एखादं युनिट चालेल एवढंच पाणी त्यांच्या वाट्याला उरलं. म्हणजे लाइट गेली ती रिन्यूएबल नव्हतं म्हणून नाही, एकाच प्रकारच्या रिन्यूएबलवर सगळा देश टांगून ठेवला होता म्हणून गेली. मलावीत तर जानेवारी २०२२ च्या आना वादळात कपिचिरा धरणाचा बांधच वाहून गेला, जवळजवळ १३० मेगावॅट एका रात्रीत बंद, देशाच्या विजेचा तिसरा हिस्सा म्हणा ना. इथिओपियात ग्रीडची जवळपास सगळी वीज पाण्यावर आणि थोडी वाऱ्यावर, आणि तरी जवळपास निम्म्या लोकांच्या घरात वीज पोचलेली नाही.

त्यामुळे "हे देश रिन्यूएबल का वापरत नाहीत" हा प्रश्न मी असा मांडीन: ज्या देशाला कोणी स्वस्तात कर्ज देत नाही, त्या देशाने सगळा खर्च आधीच करावा लागणारी वीज कशी उभी करायची, कुठल्या चलनात, आणि पुढची २५ वर्षं ती वीज विकत घेतो म्हणून सही कोणी करायची. पॅनेलचा प्रश्न त्यात सगळ्यात सोपा आहे हो.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते गोल धरतो. एक मेगावॅटचा प्लांट समजा दहा लाख डॉलरला उभा राहिला आणि तिथल्या उन्हात वर्षाला १८ लाख युनिट देतो. पैसे वीस वर्षांत फेडायचेत. व्याज ५ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता ८० हजार डॉलरच्या आसपास बसतो, म्हणजे युनिटला साधारण साडेचार सेंट. तोच प्लांट, तीच पॅनेल, तेच ऊन, फक्त व्याज १५ टक्के धरा, हप्ता जातो १ लाख ६० हजारावर आणि युनिट पडतं जवळजवळ नऊ सेंटला. दुप्पट. मेंटेनन्स, पगार, जमीन यातलं काहीच बदललेलं नाही. कोळशाच्या किंवा डिझेलच्या प्लांटमध्ये खर्चाचा मोठा भाग इंधनाचा असतो, तो रोजच्या रोज होतो, त्यामुळे व्याज वाढलं तरी एवढा फरक पडत नाही. सोलरमध्ये इंधन शून्य, म्हणून जवळपास सगळी किंमत म्हणजे पैशाची किंमत. इंटरनॅशनल एनर्जी एजन्सीवाले सांगतात की आफ्रिकेत असल्या प्रकल्पांना भांडवल श्रीमंत देशांच्या दोन-तीन पट महाग पडतं. म्हणजे ऊन ज्यांच्याकडे जास्त, त्यांना ते पकडायला पैसा सगळ्यात महाग मिळतो. तुम्ही कारस्थान म्हणालात ना, त्यात कोणी बसून कट केलेला नाही, पण परिणाम तसाच दिसतो.

तुम्ही म्हणाल नऊ सेंट तरी काय वाईट, डिझेल जनसेटचं युनिट नुसत्या इंधनाचंच ४० सेंटपर्यंत जातं (युनिटला साधारण पाव ते एक तृतीयांश लिटर धरा आणि लिटर सव्वा डॉलरला). बरोबर आहे, स्वस्तच आहे. पण आपल्याकडे कसं, मे महिन्यात वर्षाचा गहू भरून ठेवणारं घर आणि रोज संध्याकाळी पाव किलो पीठ आणणारं घर, किलोमागे जास्त पैसे दुसरंच घर देतं, आणि त्यांना ते कळत नसतं असं नाही, एकदम भरायला पैसे नसतात एवढंच. देशांचंही तेच. ऑक्टोबर २०२३ ला गिनी-बिसाऊच्या राजधानीत अंधार झाला कारण किनाऱ्याला उभ्या असलेल्या, तुर्की कंपनीच्या वीज बनवणाऱ्या जहाजाचे पैसे थकले आणि त्यांनी खटका पाडला. दिवसाला दिवस ढकलायची वीज अशीच असते, महाग पण हप्त्याहप्त्याने मिळणारी.

आता कर्जाकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नात ते मधोमध आहे.

झांबियाचं कर्ज एकदा माफ झालेलंच आहे. १९९६ ला वर्ल्ड बँक आणि आयएमएफने अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठी योजना काढली, झांबिया २००५ मध्ये तिच्यातून पार पडला आणि त्यानंतरच्या माफीसकट सात अब्ज डॉलरच्या आसपासचं बाहेरचं कर्ज एक अब्जाच्या आत आलं. पाटी कोरी झाली म्हटल्यावर बाजार उघडला. २०१२ ला पहिला युरोबाँड, म्हणजे परदेशी बाजारात डॉलरमध्ये विकलेले सरकारी रोखे, ७५ कोटी डॉलर, साडेपाचच्या थोडं वर व्याज, तेव्हा सगळे कौतुक करत होते. २०१४ ला एक अब्ज, २०१५ ला सव्वा अब्ज, आणि तोवर व्याज नऊ टक्क्यांना टेकलं. शेजारी चीनची कर्जं. नोव्हेंबर २०२० ला ४.२५ कोटी डॉलरचा एक व्याजाचा हप्ता चुकला आणि देश डिफॉल्टमध्ये गेला. सरकारी सावकारांशी, म्हणजे कर्ज दिलेल्या दुसऱ्या देशांशी, तडजोड व्हायला जून २०२३ उजाडलं, बाँडवाल्यांशी २०२४. मधली तीन-साडेतीन वर्षं बाहेरून मोठं नवं कर्ज जवळपास बंद.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही. या कर्जातला एक मोठा तुकडा रिन्यूएबलचाच आहे. काफुए गॉर्ज लोअर म्हणून ७५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प, चिनी कंपनीने चिनी एक्झिम बँकेच्या पैशावर बांधला, दोन अब्ज डॉलरच्या घरात खर्च. प्रकल्प चांगला आहे, मी तिकडून गेलोय, काम दणकट आहे. शेवटचं युनिट २०२३ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नदीला पाणी नाही. हप्ता मात्र पाणी बघून येत नाही. त्यामुळे रिन्यूएबल म्हणजे आपोआप चांगलं कर्ज असं मी म्हणणार नाही.

मग कर्जमाफीच्या पैशात सोलर का नाही? कारण कर्जमाफीत हातात पैसे येत नाहीत हो. आपल्याकडे पीककर्ज माफ झालं की शेतकऱ्याच्या खात्यात रोकड पडते का? नाही, थकबाकी पुसली जाते आणि नवीन कर्ज मिळायची वाट मोकळी होते. त्यातून डिफॉल्टमधला देश आधीच हप्ते भरत नसतो, त्यामुळे जे भरतच नव्हते ते माफ झालं तर तिजोरीत लगेच वाढ काहीच होत नाही. उलट हप्ते पुन्हा सुरू होतात, कमी असतील पण सुरू होतात. फायदा आहे, पण तो वर्षावर्षाने आणि व्याजदर खाली येण्यातून मिळतो. कर्जाच्या बदल्यात पर्यावरणावर खर्च करायचे सौदे झालेत, सेशेल्सने समुद्र राखण्यासाठी केला, इक्वाडोरने २०२३ ला गॅलापागोससाठी केला, पण ते वकिलांना आणि मधल्या लोकांना सांभाळत करावे लागतात आणि त्यातून सुटणारा पैसा देशाच्या वीजखर्चापुढे लहान असतो.

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग, म्हणजे झांबियात स्वस्त सोलर आलं होतं. २०१६ ला वर्ल्ड बँकेच्या स्केलिंग सोलर कार्यक्रमात लिलाव झाला, बांगवेउलू नावाच्या प्रकल्पाला ६.०२ सेंट युनिट असा भाव निघाला. २५ वर्षं फिक्स, महागाईची वाढ नाही. तेव्हा आफ्रिकेत इतका कमी आकडा कोणी ऐकला नव्हता. लुसाकाच्या दक्षिणेला औद्योगिक क्षेत्रात ४७.५ मेगावॅटचा प्लांट २०१९ ला चालू झाला. हे जमलं कसं? कागद तयार मिळाले, जमीन तयार मिळाली, सरकारी फायनान्स संस्थांचं सवलतीचं कर्ज मिळालं आणि वीज घेणारी झेस्को, म्हणजे त्यांची महावितरण समजा, हिने पैसे चुकवले तर मागे वर्ल्ड बँकेची गॅरंटी. म्हणजे व्याज १५ वरून खाली ओढलं ते या गॅरंटीने. सोलरचं तंत्रज्ञान तिथे तेच होतं जे शेजारच्या देशात दुप्पट भावाने पडत होतं.

पण भाव डॉलरमध्ये. आणि इथे माझं खरं दुखणं आहे.

२०१६ ला एका डॉलरला साधारण १० क्वाचा (झांबियाचं चलन) होते. म्हणजे ६.०२ सेंट म्हणजे ६० न्ग्वे, क्वाचाच्या शंभराव्या भागाला न्ग्वे म्हणतात. २०२४ ला डॉलर २६ क्वाचाला. म्हणजे तेच युनिट दीड क्वाचाच्या वर गेलं. कागदावर भाव एक कणही वाढला नाही आणि झेस्कोला मात्र अडीच पट पडायला लागला. झेस्को बिल वसूल करते क्वाचात, घराघरातल्या प्रीपेड मीटरवरून, भाव ठरवतो नियामक, आणि निवडणूक जवळ आली की भाव वाढवायला कोणालाच आवडत नाही. हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही, कृषिपंपांची थकबाकी आपल्याकडेही वर्षानुवर्षं गाजतेच. फरक एवढाच की महावितरणचं देणं बरंचसं रुपयात असतं, झेस्कोचं डॉलरमध्ये. नुकसान सोलरनेच केलं असंही नाही बरं का, हैदराबादच्या कंपनीचा माम्बाला ३०० मेगावॅटचा कोळशाचा प्लांट आहे, त्याचीही बिलं झेस्कोकडे मोठ्या प्रमाणात थकली होती. डॉलरचा करार कोणत्याही विजेचा असो, चलन पडलं की गळ्यात येतो. सोलरचा करार २५ वर्षांचा, म्हणून गळ्यात जास्त काळ.

याच्या पुढचा अंक बघा. २०१९ ला जर्मन पैशाच्या मदतीने आणखी एक लिलाव झाला, १२० मेगावॅट, सगळ्यात कमी बोली ३.९९९ सेंट. आम्ही सगळे खूश, वाटलं आता रांग लागणार कामांची. दीडेक वर्षात देश डिफॉल्टला गेला आणि ते प्रकल्प रखडले. ऊन ३.९९९ ला द्यायला माणूस तयार होता, पण वीज घेईन म्हणून ज्याची सही लागते त्याच्या सहीला बँकेत किंमत उरली नव्हती. सरकार गॅरंटी देईल म्हणावं तर आयएमएफचा कार्यक्रम चालू असताना सरकारी गॅरंटीसुद्धा कर्जासारखीच मोजली जाते, तिच्यावर मर्यादा. म्हणजे कर्जामुळे गॅरंटी नाही, गॅरंटीशिवाय स्वस्त पैसा नाही, स्वस्त पैशाशिवाय सोलर नाही, सोलर नाही म्हणून पाण्यावर भिस्त, पाणी गेलं की तांब्याच्या खाणी अडखळतात (देशाची जवळपास निम्मी वीज खाणीच खातात आणि बाहेरचा डॉलरही खाणीच आणतात), आणि डॉलर आटला की कर्ज फेडायचं कशाने. बसा फिरत.

चुकीच्या पद्धतीने सोलर लावल्याचंही उदाहरण तिथेच आहे. २०१५ च्या सुमाराला सरकारने दोन हजार सोलर पिठाच्या गिरण्या गावोगावी लावायची योजना काढली, चीनच्या बँकेचं साधारण २० कोटी डॉलरचं कर्ज. कल्पना वाईट नव्हती, तिथलं मुख्य अन्न मक्याच्या पिठाचं न्शिमा, गिरणीला ते चिगायो म्हणतात, बायका डोक्यावर मका घेऊन लांब चालत जातात. पण गिरण्या वरून वाटल्या गेल्या, कुठल्या गावात किती मका येतो, आधीची डिझेलची गिरणी कुठे आहे, पट्टा तुटला तर कोण बघणार, याचा विचार कमी. दळण तरी कधी येतं? सकाळी लवकर आणि संध्याकाळी, म्हणजे ऊन नसतं तेव्हा. बऱ्याच गिरण्या धड चालल्या नाहीत, मी एका ठिकाणी त्या पॅनेलवर मोबाइल चार्जिंगचं दुकान बघितलं, दुकान मस्त चाललेलं, गिरणी बंद. कर्ज मात्र देशाच्या नावावर.

आणि वायर! वायर सगळे विसरतात. केनियात तुर्काना सरोवराजवळ ३६५ पवनचक्क्या, ३१० मेगावॅट, २०१७ ला उभ्या झाल्या. चारशेहून जास्त किलोमीटरची ट्रान्समिशन लाइन सरकारने बांधायची होती, तिचा स्पॅनिश ठेकेदार मधेच दिवाळखोरीत गेला, लाइन पूर्ण व्हायला सप्टेंबर २०१८. तोपर्यंत चक्क्या वाऱ्यात उभ्या आणि करारानुसार न घेतलेल्या विजेचा भुर्दंड केनियाच्या डोक्यावर. युगांडात उलट, नाईल नदीवर बुजागाली, मग कारुमा असे मोठे प्रकल्प झाले, वीज गरजेपेक्षा जास्त, पण गावात खांब नाहीत आणि आहेत तिथे कनेक्शनचे पैसे लोकांकडे नाहीत, त्यामुळे वीज शिल्लक आणि लोक कंदिलात. पॅनेल, टर्बाइन यांचे फोटो छान येतात, उद्घाटन होतं. सबस्टेशनचं उद्घाटन करायला मंत्री कशाला येईल?

आता चाललंय काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं रडगाणं आहे.

झांबियात २०२४ नंतर जे सोलर वेगाने उभं राहिलं त्यात वीज घेणारा गिऱ्हाईक बदलला. खाणवाले तांबं डॉलरमध्ये विकतात, त्यांना डॉलरचं बिल झेपतं आणि लाइट गेली तर त्यांचं रोजचं नुकसान सोलरच्या हप्त्यापेक्षा कितीतरी मोठं. चिसाम्बाला १०० मेगावॅटचा प्लांट २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, तो झेस्कोच्याच उपकंपनीचा, पण वीज जाणार खाण कंपनीला. कॉपरबेल्टमधल्या, म्हणजे तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यातल्या, खासगी वीज कंपनीनेही आपले सोलर प्लांट उभे केले. झेस्को इथे वायर भाड्याने देणारी झाली, विकत घेणारी नाही, आणि सरकारने त्यासाठी नियमही मोकळे केले. माझ्या मते ही गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात कामाची सुधारणा, कुठल्याही लिलावापेक्षा.

दुसरं म्हणजे धरणालाच बॅटरी म्हणून वापरणं. दिवसा सोलरवर चालवा, करिबाचं पाणी अडवून ठेवा आणि संध्याकाळी सहा ते दहा सोडा. झांबियात ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत कडक ऊन आणि नदी उतरणीला, दोन्ही एकमेकांना बरोबर भरून काढतात. जिथे मोठं धरण नाही तिथे बॅटरी लागते, मलावीत गोलोमोटीला २० मेगावॅट सोलरला ५ मेगावॅटची बॅटरी जोडलीये, कमकुवत ग्रीडला तेवढ्यानेही आधार होतो. पण धरण असताना आधी महागडी बॅटरी घ्या म्हणणारा माणूस बहुतेक बॅटरी विकणारा असतो.

तिसरं, जे कमावत नाही त्याला अनुदान आणि जे कमावतं त्याला कर्ज. गावाकडची वायर, दवाखान्यावरचं सोलर, शाळा, यातून हप्ता निघणार नाही, तिथे कर्ज घेणं म्हणजे पुढच्या डिफॉल्टची तयारी. बुर्किना फासोत झाग्तुलीचा ३३ मेगावॅटचा प्लांट युरोपियन युनियनचं अनुदान आणि फ्रेंच संस्थेचं सवलतीचं कर्ज मिळून २०१७ ला झाला. अनुदान असलं तरी मेंटेनन्सचे पैसे बाजूला ठेवायची सोय पहिल्याच वर्षी करावी लागते, नाहीतर इन्व्हर्टर गेला की प्लांट गेला. मी बघितलेल्या बंद दवाखान्यांच्या सिस्टीममध्ये पॅनेल जवळजवळ सगळीकडे चांगलीच होती, गेलेली असायची ती बॅटरी, आणि ती बदलायचं बजेट कोणाच्याच नावावर नसायचं.

चौथं, घरगुती सोलर, मोबाइल मनीवर रोजचे थोडे थोडे पैसे भरून. दोन-तीन दिवे, फोन चार्जिंग, फार तर छोटा टीव्ही. पूर्व आफ्रिकेत हे फार चाललं, झांबियातही आहे. पैसे क्वाचात घेतात हे चांगलं, पण कंपनीने स्वतः कर्ज डॉलरमध्ये घेतलेलं असतं त्यामुळे चलन पडलं की या कंपन्यांचंही तेच होतं जे झेस्कोचं झालं. आणि यावर स्वयंपाक होत नाही, मोटर चालत नाही. लाइट गेली की लुसाका परत कोळशावर येतं, म्हणजे लाकडी कोळसा, आणि जंगल तुटतं. ही गोष्ट सोलरवाल्यांच्या ब्रोशरमध्ये नसते.

पाकिस्तान बघा, तो वर सांगितलेल्या १९९६ च्या कर्जमाफी योजनेतल्या देशांपैकी नाही पण कर्जात आहेच. २०२४ मध्ये तिथे चीनमधून १७ गिगावॅटच्या आसपास पॅनेल आली, सरकारने लावलेली नाहीत, लोकांनीच छतावर, शेतावर लावली कारण ग्रीडची वीज परवडेना. ऐकायला भारी वाटतं आणि आहेही, पण ज्यांच्याकडे छत आणि रोकड होती ते ग्रीडमधून कमी वीज घ्यायला लागले आणि जुन्या प्लांटांचे डॉलरमधले करार उरलेल्या लोकांच्या बिलात चढले. म्हणजे तिथे सोलर आलं, कर्जाचा प्रश्न जागेवरच.

आता कबूल करायचं ते करतो, यातलं बरंच त्या त्या देशावर अवलंबून आहे. जमिनीने वेढलेला देश असेल तर माल आणायलाच खर्च, आमचे कंटेनर दार-ए-सलामहून नाकोंडे बॉर्डरला येऊन तिथल्या रांगेत पडायचे, कधी दोन दिवस कधी दोन आठवडे, आणि साइटवर क्रेनचं भाडं चालू. खाणी नसतील तर डॉलरवालं गिऱ्हाईक नाही, मलावीचं तेच दुखणं. चलन बांधून ठेवलेलं असेल तर वेगळं, इथिओपियाने २०२४ च्या जुलैत चलन मोकळं सोडलं आणि ते एकदम आपटलं. पण इथिओपियाचं एक मानावं लागेल, नाईलवरचं मोठं धरण, ५१५० मेगावॅटचं, बाहेरचे सावकार हात लावेनात म्हणून त्यांनी मुख्यतः स्वतःच्या लोकांना बाँड विकून आणि वर्गणी काढून बांधलं, २०२५ च्या सप्टेंबरात उद्घाटन झालं. डिसेंबर २०२३ ला युरोबाँडचा हप्ता चुकवलेला देश आहे हा. लोकांच्या पगारातून पैसे कापले गेले, किती खुशीने दिले यावर वाद आहे, पण त्या कर्जाची मोठी बाजू बिरमध्ये, म्हणजे त्यांच्याच चलनात आहे, डॉलरमध्ये नाही. लांबचा विचार केला तर हा फरक मोठा आहे.

तर आतापर्यंतचं दोन ओळीत: सोलरची किंमत व्याज ठरवतं, व्याज देशाची पत ठरवते, पत कर्जाने गेलीये. म्हणून आधी गिऱ्हाईक आणि चलन बघायचं, मग वायर, पॅनेल शेवटी. कर्जमाफीने मदत होते पण ती थेट पॅनेल विकत घेत नाही.

राहिला तुमचा धंद्याचा प्रश्न. स्कोप आहे. २०२४ नंतर लुसाकात प्रत्येक दुकानदार इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी शोधत होता. कामवाला बाजारात हार्डवेअर, इलेक्ट्रिकलची दुकानं बरीच गुजराती घरांची आहेत, पिढ्यानपिढ्या तिथेच, त्यांच्याशी नुसत्या पॅनेल विक्रीत स्पर्धा करायला जाऊ नका, चीनमधून कंटेनर आणायचं त्यांना तुमच्यापेक्षा स्वस्त पडतं. ज्याला रोज लाइट लागते आणि ज्याच्या हातात रोज पैसा येतो असं गिऱ्हाईक धरा: पोल्ट्री, दूध थंड करणारे, लॉज, बोअरवेलवर पाणी देणारे शेतकरी. आपल्याकडे सोलर पंपाचं काम केलेला माणूस तिथे उपयोगी पडतो, कारण पंप निवडणं, हेड (पाणी किती उंच चढवायचं ते) काढणं हे तिथल्या बऱ्याच इन्स्टॉलरला नीट येत नाही. सरकारी कामाच्या मागे पहिली दोन वर्षं तरी लागू नका, बिल निघेपर्यंत तुमचं भांडवल संपेल आणि तोवर क्वाचा कुठे गेला असेल सांगता येत नाही. कोटेशन क्वाचात द्यायचं पण ठरावीक दिवसांपुरतं आणि निम्म्याहून जास्त रक्कम आगाऊ घेऊन. सोलर विकायला आणि लावायला तिथल्या एनर्जी रेग्युलेशन बोर्डाचं लायसन्स लागतं, ते काढल्याशिवाय माल मागवू नका. आणि सोबत एक तरी तिथला इलेक्ट्रिशियन पगारावर ठेवा, त्याला पूर्ण शिकवा, कारण तुम्ही गणपतीला गावी आलात की इन्व्हर्टर नेमका तेव्हाच बंद पडतो. तुमचा अनुभव कशातला आहे, घरगुती की पंप की मोठे प्लांट, आणि भांडवल साधारण किती आहे ते सांगितलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.